गाणं तुटू द्यायचं नाही

आमच्या सुलतानपूरच्या प्रार्थनामंदिरात एकही वाद्य नव्हतं, हे ऐकलं की बाहेरगावचे ख्रिस्ती पाहुणे आमची कीव करायचे. बिचाऱ्यांची पेटी घ्यायची ऐपत नसेल, असं त्यांना वाटायचं. ऐपत नव्हती हे खरंच, पण कारण ते नव्हतं. कीव करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो, म्हणून खरं कारण आधी सांगून टाकते.

आमचे वाडवडील मातंग. गावात लग्न असो, पोळा असो की मयत, डफडं वाजवायचं काम आमच्या घरांचं. बोलावणं आलं की अंगात ताप असो नाहीतर घरात बाळंतीण अडलेली असो, निघायचं. वाजवायचं लोकांच्या दारात आणि जेवायचं उकिरड्याशेजारी बसून. पुढे मिशनचे साहेब आले आणि आमच्या काही घरांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मंडळींनी पहिलं काम केलं ते डफडं खाली ठेवण्याचं. साहेबाला वाटलं होतं, ही तर वाजवणारी माणसं, आता देवासाठी वाजवतील. तसं त्याने सुचवूनही पाहिलं. मंडळी म्हणाली, लोकांपुढं हात बडवून झाले, देवापुढं आम्ही रिकाम्या हातानं उभे राहू. मग नुसतं डफडंच नाही तर पेटी, झांज, टाळी, सगळ्याला बंदी. साहेब गोंधळला, पण आमची माणसं एकदा हटून बसली की देवदूत आला तरी उठत नाहीत.

माझी रुखमाआत्या या रिकाम्या हातांच्या गाण्याची मालकीण होती. माझ्या वडिलांची ती धाकटी बहीण, गावातच दिलेली. बुटकी, काळीसावळी, निंदण-वेचणीला जाऊन हात खरबरीत झालेले, आणि जीभ हातांहून खरबरीत. तिचे यजमान शालिग्राममामा तरुणपणी पंचक्रोशीत नावाजलेले वाजवणारे. त्यांचं डफडं ऐकायला डोणगावचे लोक पोळ्याला इकडे यायचे म्हणे. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी डफड्याचं कातडं फाडून टाकलं, आणि उरलेलं कडं आत्याने चाळणीला बसवलं. पण हात ऐकतात थोडेच. गाणं सुरू झालं की मामांची बोटं आपोआप मांडीवर नाचायला लागायची, म्हणून ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. सत्तरीला आले तरी त्यांची ती बसण्याची पद्धत मोडली नाही. मी शाळेत मास्तरीण झाले, चार पुस्तकं वाचली, पण एवढा मोठा त्याग एवढा गुपचूप केलेला मी दुसरा पाहिला नाही.

आता आत्याचं गाणं. वाद्य नसलं की खरी पंचाईत सुराची नसते, श्वासाची असते. पेटी असली की माणसं ओळ संपवून दम खातात आणि मधली जागा पेटी भरून काढते. आमच्याकडे भरून काढणारं कोणी नव्हतं. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की गाणं तिथेच पडायचं, आणि पडलेलं गाणं आत्याला सहन व्हायचं नाही. म्हणून तिने एक रीत बसवली होती. शेजारी-शेजारी बसलेल्यांनी कधीही एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. एकाचा दम संपत आला की त्याने बेलाशक थांबायचं, तोवर शेजारच्याने ओळ धरून ठेवायची, मग याने धरायची आणि त्याने दम घ्यायचा. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत गाणं तुटायचं नाही. सूर थोडा इकडेतिकडे गेला तर आत्या माफ करायची. गाणं तुटलं तर उपासना संपल्यावर दारात गाठून हजेरी घ्यायची, मग तो माणूस केवढाही मोठा असो.

या रीतीमुळे मंदिरात कोणी कुठे बसायचं हे आत्या ठरवायची. नवी सून आली, कोणाचा जावई राहायला आला, की ती त्याच्या पाठीवर पंजा ठेवून म्हणायची, "घे दम." त्याने छाती भरून श्वास घेतला की तिला कळायचं, हा कोणाशेजारी शोभेल. मोठ्या छातीचा माणूस दमेकऱ्याशेजारी, तरणी पोर म्हातारीशेजारी. भांडणतंटा, मानपान तिच्या हिशेबात नव्हता.

तानाबाई आणि मनकर्णाबाई या दोघी जावांचं तेच झालं. बांधावरच्या शेवग्याच्या झाडावरून दोघींचं असं बिनसलेलं की एकीने दारात सडा टाकला तर दुसरी त्या बाजूचं दार उघडायची नाही. तानाबाईला दमा, आणि मनकर्णाबाईची छाती म्हणजे लोहाराचा भाता. आत्याने दोघींना शेजारी बसवलं. दोघींनीही तोंडं वाकडी केली, पण आत्यापुढं बोलायची टाप नव्हती. मग काय, सोमवार ते शनिवार शेवग्यावरून शिव्याशाप, आणि रविवारी तानाबाईला दम लागला की मनकर्णाबाईने निमूटपणे तिची ओळ उचलायची. तिला ती उचलता यावी म्हणून जावेच्या श्वासावर कान ठेवून बसावं लागायचं. हाडवैरिणीचा श्वास इतक्या बारकाईने ऐकणारी बाई मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या चार-पाच वर्षं आधी आत्याच्या गळ्यात गाठ झाली. मिशनच्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. नुसतं घोगरं कुजबुजल्यासारखं बोलता यायचं, तेही कान जवळ नेला तर. आत्या घरी आली तेव्हा गावभरच्या बायका भेटायला आल्या, आणि जिच्या जिभेला सगळ्या भ्यायच्या ती नुसती मान हलवतेय हे बघून त्याच रडायला लागल्या.

मंदिरात आमची दैना सुरू झाली. आजवर सुरुवात आत्याच करायची, आता गाणं उचलणार कोण? एकीने उचललं तर इतकं उंच गेलं की दुसऱ्या ओळीला सगळे खोकायला लागले. दुसऱ्या रविवारी एकाने इतकं खाली धरलं की गाणं आहे की गुरगुर, कळेना. आत्या पुढच्या चटईवर खाली मान घालून बसलेली असायची. तिच्याकडे बघायची कोणाची हिंमत व्हायची नाही.

आमचे तेव्हाचे पाद्री महादेवराव. महादेव नावाचा पाद्री, म्हणून गावातले लोक गंमत करायचे आणि तेही हसायचे. सज्जन माणूस. त्यांच्या बायको वच्छलाबाई नगरकडच्या बोर्डिंगात शिकलेल्या, पेटी फार सुरेख वाजवायच्या. लग्नात माहेरून आणलेली पेटी इथे आल्यापासून त्यांनी उघडलीही नव्हती, आमची रीत सांभाळायची म्हणून. मंडळींची ही अवस्था बघून त्यांनी विचारलं, आत्यांना बरं वाटेपर्यंत मी साथ करू का. त्यात काही डाव नव्हता. त्यांना खरंच कळवळा होता.

बैठक भरली. म्हातारे कुरकुरले, तरुणांनी उचलून धरलं. आत्याला विचारलं तर तिने हो म्हणून मान हलवली. आपल्या गळ्यापायी मंडळींचं गाणं बंद पडू नये एवढंच तिच्या मनात होतं. शालिग्राममामा शेवटी एकच बोलले.

"तुमचं तुमी पाहा बाप्पा. पन माह्या मातीवर मातर काही वाजवू नोका."

त्यांच्या दफनाला काही वाजवायचं नाही, हे सगळ्यांनी कबूल केलं.

पेटीचा पहिला रविवार मी जन्मात विसरायची नाही. वच्छलाबाईंनी सुंदर सूर दिला, आम्ही सुरू झालो. पहिलं कडवं संपलं, आणि त्या पेटीवर मधला तुकडा वाजवायला लागल्या. पण आम्हाला थांबायची सवय कुठे? जागा दिसली की भरायची, हे हाडात मुरलेलं. आम्ही तसेच दुसऱ्या कडव्यात घुसलो. वच्छलाबाई घाईघाईने दुसऱ्या कडव्यावर येईपर्यंत आम्ही तिसऱ्यात. त्या पेटी दामटतायत आणि आम्ही पुढे पळतोय, असं करत आम्ही गाणं संपवून बसलो तेव्हा पेटीचं अजून एक कडवं शिल्लक होतं. पाद्रीसाहेबांनी रुमालात तोंड लपवलं. आत्यासुद्धा हसली, खांदे हलेपर्यंत. दवाखान्यातून आल्यावर ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

मग वच्छलाबाईंनी आम्हाला थांबायला शिकवलं. ओळ संपली की गप्प, पेटी वाजू द्यायची, मग पुन्हा. महिन्या-दोन महिन्यांत जमलं, आणि खरं सांगायचं तर गाणं गोड लागायला लागलं. सूर जागेवर आले. दम खायला ऐसपैस जागा मिळाली. तानाबाई तर जाम खूश. दर ओळीनंतर बसल्या बसल्या श्वास घेता येतो म्हटल्यावर तिला जावेची गरज काय? ती उठून दाराजवळ वाऱ्याला बसायला लागली. मनकर्णाबाई दुसऱ्या टोकाला गेली. हळूहळू ज्याला जिथे आवडेल तिथे जो तो बसू लागला. भावकी भावकीजवळ, मैत्रिणी मैत्रिणींजवळ, आणि ज्यांचं कोणाशी पटत नाही ते भिंतीला. सगळ्यांची तोंडं पेटीकडे.

एका रविवारी घरी जाताना आत्याने माझा दंड धरून मला थांबवलं आणि कानाशी तोंड आणलं.

"कौशे, गानं चांगलं होऊन राह्यलं. पन आता कोनाचा दम सरला तं कोनाले समजत नाई."

मी म्हटलं, दम सरतच नाही आता, मग समजायचं काय. ती माझा दंड सोडून पुढे निघून गेली. मला तिचं म्हणणं कळलं नव्हतं असं नाही. गाणं गेलं याचं तिला दुःख नव्हतं. तिने आयुष्यभर खपून जी माणसं एकमेकांना बांधली होती ती सुटत चालली होती, आणि ते सांगायला तिच्याजवळ आवाज उरला नव्हता. माझा जीव तुटला. पण बैठकीत उठून हे बोलले असते तर लोक म्हणाले असते, मास्तरणीला आत्याचा पुळका.

त्याच हिवाळ्यात, कापसाची वेचणी सुरू असताना, शालिग्राममामा गेले. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सकाळी बसल्या जागी मान टाकली. दुपारी माती ठरली. आमची दफनाची जागा नाल्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड उतारावर. आमची मंडळी तर होतीच, पण बांधाच्या पलीकडे गावातलीही बरीच माणसं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या म्हाताऱ्यांच्या लग्नात मामांनी डफडं वाजवलेलं होतं. भगवानराव देशमुख काठी टेकत आले होते.

पेटी अर्थातच आणली नव्हती. वच्छलाबाई रिकाम्या हाताने बायकांमध्ये उभ्या होत्या. पाद्रीसाहेबांनी वचन वाचलं, प्रार्थना केली आणि म्हणाले, आपण गीत गाऊ या.

कोणी गायलं नाही.

आम्ही सगळे वाट बघत होतो. कशाची, ते दोन क्षणांनी माझ्या लक्षात आलं. आम्ही पेटीच्या सुराची वाट बघत होतो. जी माणसं जागा मिळाली की भरायची, ती इतक्या थोड्या दिवसांत सुरू व्हायचं विसरली होती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. वच्छलाबाईंच्या मनात गाणं उचलावं असं आलं होतं, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. पण रुखमाआत्या उभी असताना आपण तोंड उघडायचं कसं, म्हणून त्या गप्प राहिल्या. मामा खाली पांढऱ्या चादरीत, आणि वरती आम्ही सारी गाणारी माणसं मुकी.

बांधापलीकडून भगवानराव कोणाला तरी म्हणाले. टोमणा नव्हता तो.

"साऱ्या गावाच्या मातीले आवाज देल्ला या मानसानं. याच्या मातीले कोनाचाच आवाज नाई का बे?"

ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. माझी मान खाली गेली.

तेव्हा आत्या पुढे झाली. ती खड्ड्याच्या डोक्याकडच्या बाजूला गेली आणि मामांकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, आता ही घोगऱ्या आवाजात काही बोलणार. ती बोलली नाही. तिने आमच्यावरून नजर फिरवली, एकेकावर थांबत. मग हनुवटी वर केली आणि छाती भरून श्वास घेतला.

ऑपरेशननंतर तिचा श्वास कोरड्या पाचोळ्यासारखा वाजायचा. तो श्वास त्या शांततेत सगळ्यांनी ऐकला. आणि काय झालं मला नीट सांगता येणार नाही, पण तिच्याबरोबर आमच्या सगळ्यांच्या छात्या भरल्या. वर्षानुवर्षं आम्ही तिच्या आवाजावर सुरू होत नव्हतो, तिच्या श्वासावर होत होतो, हे आमचं आम्हालाच माहीत नव्हतं. पुढच्या क्षणाला आम्ही गात होतो.

सुरुवात वेडीवाकडी झाली. तीन सूर तीन दिशांना. दुसऱ्या ओळीपर्यंत माणसांनी एकमेकांना धरलं, तिसऱ्या ओळीला एकच आवाज झाला. लोकांनी माती लोटायला सुरुवात केली. आमच्यात माती पूर्ण भरेपर्यंत गाणं थांबवत नाहीत, आणि मुरूम म्हणजे लवकर ओढला जात नाही. गाणं संपलं की आत्या पुन्हा हनुवटी उचलायची आणि आम्ही पहिल्यापासून धरायचो.

मध्येच तानाबाईला दम लागला. ती खड्ड्याच्या अलीकडे उभी, मनकर्णाबाई पलीकडे. धुळीने तिला उबळ आली, ओठ निळसर पडले, तरी ती ओळ सोडेना. पेटीच्या सवयीने ती एकटीच शेवटपर्यंत नेऊ बघत होती. मनकर्णाबाईने ते बघितलं. ती गातच खड्ड्याला वळसा घालून इकडे आली, जावेच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि तिची ओळ उचलली. तानाबाई थांबली, तिच्या अंगावर रेलून तिने पोटभर श्वास घेतला, आणि मग पुढची ओळ तिने धरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. गाणं कुठेही तुटलं नाही.

परत येताना आत्या माझ्या हाताला धरून चालत होती. मयत उचलल्यापासून तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि आता नाल्यात उतरता उतरता तिला हुंदका फुटला. मी तिला जवळ घेतलं. मामांच्या आठवणीने रडतेय असं समजून मी काहीतरी सांत्वनाचं बोलले. तिने नाही म्हणून मान हलवली आणि माझ्या कानाशी आली.

"त्यायच्यासाठी रडाले तं सारा जलम पडला आहे वो. मी हे गानं आज पयल्यांदा अईकलं. इतके दिवस माह्याच आवाजानं मले अईकू देल्लं नाई."

मी तिथेच खडकावर बसून तिच्याबरोबर रडून घेतलं. वरून मंडळी जात होती, कोणी थांबलं नाही, बरं केलं.

पुढच्या रविवारी मी जरा लवकरच मंदिरात गेले. आत्या पुढच्या चटईवर होती. माणसं येत होती आणि दारातच घुटमळत होती, कुठे बसावं ते आत्याच्या तोंडाकडे बघून ठरवायला. तानाबाई कोणी न सांगता आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली आणि लुगड्याचा घोळ आवरून तिने शेजारी जागा केली.

वच्छलाबाई शेवटी आल्या. पेटी घरीच ठेवली होती. माणसाची कला अशी घरी ठेवून येणं काय असतं, ते आमच्या मंडळींना कोणी शिकवायला नको होतं. त्या सरळ आत्यापुढे जाऊन बसल्या. मंदिरात दर रविवारी साऱ्यांच्या पुढे बसणारी ती शिकलेली बाई एखाद्या नव्या सुनेसारखी आत्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "आत्या, मी कुठं बसू?"

आत्याने आपला खरबरीत पंजा तिच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. वच्छलाबाईंनी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग आत्याने तिचा हात धरून तिला आपल्या अगदी शेजारी ओढून घेतलं आणि हनुवटी वर केली.